सोंगाचा धनी

रामहरी गुरवाला जांभळदऱ्यात कुणी चांगला म्हणत नसे, आणि खरं सांगायचं तर तो चांगला नव्हताच. राग सदा नाकाच्या शेंड्यावर, जीभ मिरचीची, आणि कुणी समोरून रामराम घातला तर त्या रामरामातही खोट काढायची खोड. गावात दोन माणसं बोलत उभी असली आणि हा दिसला की ती गप्प होत. बायको जानकीबाई म्हणायची, यांच्याशी भांडायला माणूस लागत नाही, भिंत पुरते. असल्या माणसाकडं गावाची सगळी पोरं मात्र शिकायला जायची.

दुसरीकडं जायची सोयच नव्हती. मुलूख निजामाचा. तालुक्याला पाटोद्यात सरकारी शाळा होती, पण तिथं शिकवणं उर्दूत, आणि पाटोदा पायी गेलं तर निम्मा दिवस मोडणार. रामहरी तरुणपणी नेकनूरला चुलत्याकडं राहून बाळबोध आणि मोडी शिकून आला होता. महादेवाच्या पूजेचा आणि गावाला बेल पुरवायचा मान त्याच्या घराण्याचा, तेव्हा देवळाची ओवरी हाताशी होतीच. तिथं त्यानं शाळा मांडली. गाव त्याला मास्तर म्हणायला लागलं, तेही तोंड वाकडं करून.

या मास्तरची शिकवायची तऱ्हा निराळी होती. पूर्वी नवरात्र उठताना देवळापुढं लळित व्हायचं. गावकरी सोंगं घेत: कुणी चोपदार, कुणी वासुदेव, कुणी बैरागी. ही सोंगं बांधायचं, म्हणजे कुणाला काय नेसवायचं आणि काय बोलायला लावायचं ते ठरवायचं काम रामहरीकडं असे. लळिताचा एक नेम होता. शेवटी सोंग बांधणारा देवापुढं आडवा पडायचा आणि म्हणायचा, सोंगात कुणी उणंदुणं बोललं असंल, त्याचा धनी मी. मग सोंग घेणारे मोकळे होऊन घरी जात. प्लेगाच्या सालात लळित मोडलं ते मोडलंच, पण रामहरीच्या डोक्यातून सोंगं काही गेली नाहीत.

बहामनी आमदानीत गावगाडा कसा चालायचा, हे तोंडानं सांगितलं की पोरं जांभया देत. मग तो एकाला कुंभार करी, एकाला हवालदार, एकाला न्हावी, आणि ओवरीत चारशे वर्षांपूर्वीचं गाव उभं करी. धान्याचा वाटा कोण आधी उचलायचा, हवालदार आला की कुणी काय घेऊन सामोरं जायचं, सगळं पोरं करून दाखवत. वेशीबाहेरच्या पोरांना ओवरीची पायरी बंद होती, म्हणून वेसकर व्हायला कुणी नसे. मग मास्तर स्वतः वेसकर होई आणि पोरांना वाकून जोहार घाली. गावाला हे खपायचं नाही. पाटलाचं पोर न्हावी होऊन तेल्याच्या पोराची हजामत करतं म्हणजे काय, अशा तक्रारी यायच्या. मास्तर सांगायचा, न्ह्या घरी, आन् बसवा गोठ्यात. पोरं घरी कुणी नेत नसे.

पाटील म्हटलं की जांभळदऱ्यात दोन निघायचे, आणि दोघंही एकमेकाला पाटील म्हणत नसत. मूळ पुरुषाला दोन बायका. थोरलीला पोर उशिरा झालं, धाकटीला आधी. आता थोरलीचा धाकटा खरा वतनदार, की धाकटीचा थोरला? हा वाद कित्येक पिढ्या चालू होता. थोरलीच्या पातीचा सुंदरराव, धाकटीच्या पातीचा अर्जुनराव. जमिनी वाटल्या गेल्या, विहिरी वाटल्या गेल्या, पण होळीतल्या पहिल्या पोळीचा मान काही वाटता येईना. ती पोळी पाटलाची. म्हणून गावात दोन होळ्या पेटत, एक वेशीकडं, एक चावडीकडं, आणि या होळीचा माणूस त्या होळीच्या राखेवरही पाय देत नसे. दोन्हीकडची पोरं मांडीला मांडी लावून बसत ती एवढ्या एका ओवरीत. रामहरीला गावात कशाचा अभिमान असेल तर एवढ्याचाच, आणि तो त्यानं कधी तोंडानं बोलून दाखवला नाही.

एका माघात त्यानं पोरांना जुना न्याय शिकवायला घेतला. वतनाचा वाद तुटेना की जाणती माणसं गोतसभा भरवत, आणि तरीही तुटला नाही तर रवा काढायला लावत. कढईत तेल-तूप उकळायचं, त्यात धातूचा तुकडा टाकायचा, तो रवा. वादी माणसाची नखं काढायची, हात धुवायचा, आणि त्या हातानं रवा बाहेर काढायचा. मग हाताला पिशवी बांधून लाखेची मोहोर करायची. तिसऱ्या दिवशी सभेत पिशवी सोडायची. हात धड असेल तर माणूस खरा, पोळला असेल तर खोटा. पोरांना हे पटेना. अर्जुनरावाचा नातू गहिनीनाथ मोठा चौकस. त्यानं विचारलं, "तेलात हात घातल्यावर कुणाचा बी पोळंल की मास्तर. मग सगळीच खोटी?"

मास्तरला प्रश्न आवडला, म्हणून त्यानं पोराच्या डोक्यात टपली मारली. आणि ठरवलं, हे महाशिवरात्रीला सगळ्या गावापुढं करून दाखवायचं. यात शिकवायची हौस होती, तशी खाजही होती. एका पोळीसाठी पिढ्यानपिढ्या एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना त्यांची अक्कल चारशे वर्षं जुनी आहे हे दाखवायचं होतं. ते त्यांनी बघावं आणि मनातल्या मनात जळावं, अशी त्याची इच्छा होती.

चार माणसं जमवून खेळ करायचा तर तालुक्याची इजाजत लागे. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, तमाशा आहे का? रामहरी म्हणाला, धडा आहे. सरकारचं नाव नको, आजच्या काळाचं काही नको, एवढ्या बोलीवर परवानगी मिळाली. गावातही कुणी बोट दाखवू नये म्हणून सोंगांच्या त्यानं चिठ्ठ्या टाकल्या. खऱ्या वतनदाराची चिठ्ठी तेल्याच्या शहादेवला निघाली. खोट्या वतनदाराची निघाली गहिनीनाथला. मास्तरनं ती बदलली नाही. नेम म्हणजे नेम.

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. गोतसभेपुढं वादी खोटा ठरला की त्यानं बेलभंडार उचलून, म्हणजे हातात बेलाचं पान आणि देवाची हळद घेऊन, दाव्याचा त्याग बोलायचा असे. शेतातला कसलाही पाला चालला असता, घरची हळद चालली असती. पण मास्तरला सगळं खऱ्यासारखं हवं. त्यानं गाभाऱ्यात जाऊन पिंडीवरचा बेल आणला, देवाच्या वाटीतला भंडारा आणला. गुरवाच्या घरात जन्म गेलेला. रोज टोपलीभर बेल खुडायचा, वाहायचा, शिळा झाला की गाईला घालायचा. हाताळून हाताळून त्याचं भय त्याला उरलं नव्हतं. गावाला ते होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

महाशिवरात्रीला खेळ रंगला. कोमट तेलातून गहिनीनाथनं रवा काढला. तिसरा दिवस उगवल्याची दवंडी झाली. पिशवी सोडली, तर हाताला हळदीकुंकवाचा असा लेप की बायांनी पदर तोंडाला लावले. मग पोरगं गुडघ्यावर बसलं, त्यानं पिंडीवरचा बेल आणि भंडारा उचलून कपाळाला लावला, आणि पाठ केल्याप्रमाणं खणखणीत बोललं, "या गावचं वतन आमच्या घराण्याचं न्हाई. आमी आजवर खोटं बोललो. महादेव साक्ष हाय."

कुणी टाळी वाजवली नाही. अर्जुनराव उठला आणि काठी न घेताच चालायला लागला. थोड्या वेळानं सुंदररावाच्या बाजूनं एकानं हर हर महादेव म्हटलं, आणि ती सगळी बाजू उठून उभी राहिली. रामहरीला वाटलं, खेळ आवडला. हा शहाणा तेवढा एकटाच ओवरीत उभा राहून पोरांच्या चुका काढत होता.

सकाळी सुंदररावाचा निरोप गावभर फिरला. यंदा होळी एकच, वेशीकडची, आणि पहिली पोळी थोरल्या पातीची. धाकट्या पातीच्या पोटच्या पोरानं भरल्या देवळात बेलभंडार उचलून वतन सोडलं आहे. रामहरी धावत गेला आणि सांगू लागला, अहो, ते सोंग होतं. सुंदररावानं शांतपणे विचारलं, "सोंग पोराचं व्हतं. बेल सोंगाचा व्हता का?" मास्तर आल्या पावली माघारी फिरला. बेल त्यानंच तर आणला होता.

तालुक्याला दाद मागायला अर्जुनरावाचा माणूस गेला, तो हात हलवत परत आला. पोरांच्या खेळात काय झालं याच्याशी कचेरीला कर्तव्य नव्हतं. अर्जुनरावाच्या घरी गहिनीनाथशी कुणी बोलेना. त्याचं ताट पडवीत वाढलं जाऊ लागलं. ओवरीत पोरं येत, पण दोन भिंतींना दोन रांगा करून बसत. इतकी वर्षं जे फक्त गावात होतं ते आता शाळेतही शिरलं होतं, आणि ते मास्तरनं आपल्या हातानं आणून बसवलं होतं. त्या दिवसांत त्यानं पोरांना फार मारलं. एरवी तो मारत नसे.

मग अर्जुनरावानं ठरवलं. बेलभंडारावर दिलेला शब्द तोंडानं परत घेता येत नाही. तो मोडायचा तर त्याहून मोठं दिव्य हवं. होळीच्या आदल्या सकाळी देवळापुढं खरी कढई चढेल, खरं तेल उकळेल, आणि ज्यानं शब्द दिला तोच पोर रवा काढेल. वतन आपलं आहे यावर त्या म्हाताऱ्याचा इतका भरवसा होता की देव नातवाचा हात राखणार याबद्दल त्याच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. सुंदररावानं लगेच हो म्हटलं. त्याचाही भरवसा तितकाच, फक्त उलट्या बाजूनं. पिढ्यान् पिढ्या ज्यांचं कशावर एकमत झालं नाही, त्यांचं एका पोराचा हात तळण्यावर झालं.

गहिनीनाथची आई भामाबाई. सासऱ्यापुढं तिनं तोंड उघडायची रीत नव्हती. ती रामहरीच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. गयावया तिनं केली नाही. "मास्तर, माझ्या लेकराचा हात गेला, तर याच दारात जीव दीन. तुमचं घर बसंल," एवढं बोलून ती गेली. जानकीबाई चुलीपाशी सगळं ऐकत होती. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "बाई खोटं बोलत न्हाई."

रामहरीला राग आला. नेहमीसारखा सगळ्यांचा आला. गावाचा, दोन म्हाताऱ्यांचा, चिठ्ठीचा, पोराच्या खणखणीत आवाजाचा. मग सगळे राग उतरले आणि एकच उरला, तो स्वतःचा. गुरवाच्या जातीला बेल काय असतो हे कळू नये याची त्याला लाज वाटली.

होळीच्या आदल्या सकाळी गाव जमलं. दोन पाती दोन बाजूंना. मध्ये तीन दगडांवर कढई, तेलाला धूर सुटलेला. गहिनीनाथला न्हाऊ घातलं होतं. नखं काढलेली, हात धुतलेला. पोरगं रडत नव्हतं, फक्त आपल्या हाताकडं बघत होतं. अर्जुनरावानं त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा रामहरी पुढं झाला, आणि सवयीप्रमाणं भांडणाच्या सुरातच बोलला.

"लळिताचा नेम काय हाय? सोंगाचा धनी कोण? बांधणारा का घेणारा?"

म्हातारी माणसं एकमेकांकडं बघू लागली. नेम सगळ्यांना ठाऊक होता. लळित मोडलं होतं, नेम कुणी मोडला नव्हता.

"मी त्या दिशी देवापुढं आडवा पडलो न्हाई. ती माझी चूक. तवा पोरगं आजून सोंगातच हाय, आन् त्याच्या शब्दाचा धनी मी हाय. रवा मी काढणार. हात राहिला, तर मी शिकवलेलं खरं, आन् पोराचा शब्द बी खरा, वतन सुंदररावाचं. हात पोळला, तर माझं शिकवणं खोटं, आन् त्याचा शब्द बी खोटा. हाय कबूल?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी मनाशी विचार केला. अर्जुनरावाला नातवाच्या जागी गुरव मिळत होता. सुंदररावाला ना म्हणता येईना, कारण शिकवणं खरं म्हणूनच तर तो वतन मागत होता. दोघांनी माना हलवल्या.

कढईकडं जाताना रामहरीच्या मनात एक वेडी आशा आली. आपण शिकवलं ते खरंच होतं. जुनी माणसं अशीच वागत होती, असाच न्याय करत होती, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. देव असेल तर हात राहायला हवा. आणि लगेच त्याच्या ध्यानात आलं, हात राहिला तर गहिनीनाथ जन्मभर घर बुडवणारा ठरणार. जन्मभर ज्या पिंडीची पूजा केली तिच्याकडं बघून तो मनात म्हणाला, आज तेवढं माझं ऐकू नको.

तेलाला थोरली पाती कळत नाही की धाकटी. रामहरीनं उजवा हात घातला, रवा काढला, आणि तो दगडावर पडल्याचा आवाज झाल्यावरच ओरडला. पिशवी बांधायची तर पोळलेल्या मनगटावर तिचं तोंड कसं आवळायचं हे कुणाला कळेना. मोहोर लावायची गरज उरली नव्हती, तरी नेम म्हणून लावली. तिसऱ्या दिवशी सभेनं पिशवी सोडली आणि जे सगळ्या गावानं आधीच बघितलं होतं ते परत बघितलं. रामहरी गुरव खोटा ठरला.

त्याआधी मधल्या दिवशी होळी आली, तेव्हा वेशीकडं एक होळी पेटली आणि चावडीकडं दुसरी. गहिनीनाथनं आजोबाच्या मांडीशी उभं राहून आपल्या होळीत पोळी टाकली. भामाबाई मास्तरच्या दारावरून पाण्याला जायची, पण मान वर करायची नाही. आभार मानावे असं तिला वाटत असेलही, पण खोट्या माणसाचे आभार मानायचे तरी कसे?

गाव एकदा कुणाला खोटा म्हणायला लागलं की हात राखून म्हणत नाही. खोट्या माणसाची पूजा देवाला कशी चालणार? पूजेचा मान भावकीतल्या दुसऱ्या घराकडं गेला. खोट्याकडं पोरं कशी पाठवायची? दोन्ही पातींनी पोरं काढून घेतली, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं परत एकमत झालं. वाणीसुद्धा म्हणू लागला, या माणसाकडं शिकलेले पाढे एकदा तपासून घ्या. रामहरीचा हात बरा झाला, पण बोटं आत वळून राहिली. ओवरीत वारा झाडलोट करू लागला. जानकीबाई त्याला घास भरवायची आणि भरवता भरवता बोल लावायची, "पोरांस्नी खरं शिकवाया गेलात, आन् भरल्या गावात खोटं ठरून आलात. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं." घास मात्र तिनं कधी चुकवला नाही.

असं वरीस सरत आलं. रामहरी कुणाच्या दाराशी जात नसे आणि त्याच्या दाराशी कुणी येत नसे. एका दुपारी शेळी सुटली म्हणून तिला हुडकत तो ओढ्यात उतरला. ओढा कोरडा होता. खडकाच्या आडोशाला पोरांचा गलका ऐकू आला, म्हणून तो करवंदीच्या जाळीमागं थांबला.

पोरं खेळत होती. तीन दगडांवर फुटकं मडकं, मडक्यात वाळू. गोल करून गोतसभा बसली होती. मधोमध गहिनीनाथ उभा होता, धोतराचा सोगा मास्तरसारखा खोचून, नाक वर करून. मास्तरच्याच भांडखोर आवाजात तो म्हणाला, सोंगाचा धनी कोण? मग त्यानं वाळूत हात घातला, दगड काढला, आणि बोटं आत वळवून असा काही विव्हळला की सगळी पोरं एका सुरात ओरडली, खोटा, खोटा.

रामहरीच्या कानशिलाच्या शिरा ताठल्या. तो बाहेर पडणार, एकेकाला धरून बदडणार, इतक्यात त्याला सभा नीट दिसली. शहादेव सुंदररावाच्या नातवाला खेटून बसला होता. त्याच्या शेजारी धाकट्या पातीची दोन पोरं. त्यांच्या मांडीवर रेलून थोरल्या पातीचं एक शेंबडं पोर. दोन रांगा नव्हत्या. घरी चोरून, गुरं राखायच्या निमित्तानं, दोन्ही होळ्यांची पोरं ओढ्यात मांडीला मांडी लावून बसली होती, आणि ती मास्तरची टिंगल करायला बसली होती.

तो जाळीमागून बाहेर आला. पोरांची बोबडी वळली. पळायलाही कुणाला सुचेना. मास्तर गहिनीनाथपुढं जाऊन उभा राहिला, त्याच्या हाताकडं बघितलं, आणि पूर्वीच्याच तिरसट सुरात बोलला.

"नखं काढली का बे आधी? आन् हात कोण धुणार, तुझा आजा? येवढा जीव काढून शिकवलं, ते पालथ्या घड्यावर पाणी. बसा खाली सगळी. पैल्यापासून दाखवा."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग गहिनीनाथनं आपला धड हात हळूच पुढं केला. रामहरीनं तो वळलेल्या बोटांच्या हातात घेतला आणि एकेक नख तपासायला लागला.